भुताचे काम मला जमले नाही

भिऊ नका, मित्रांनो. मी एक जुना मुखवटा आहे. मला भीती घालण्यासाठीच घडवले होते, पण ते काम मला कधी नीट जमले नाही.

परळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने मी टांगलेला आहे. माझ्या मिशा अजून काळ्याभोर आहेत. डोळ्यांच्या जागी दोन भोके आहेत, त्यांत पूर्वी लाल दिवे बसवले होते. डावा कान फुटलेला आहे, तो कसा फुटला ते पुढे सांगेनच. वारा आला की मी भिंतीवर खट खट आपटतो. शेजारच्यांना वाटते, खिळा सैल झाला असेल. खिळा चांगला घट्ट आहे. स्थिर नाही तो मी.

माझा जन्म गिरणी संपानंतरचा. संपाला तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती. संप मिटला असे कुणी सांगत नव्हते, आणि चालू आहे असेही दिसत नव्हते. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते, काहींच्या फाटकांवर गवत वाढले होते. मला घडवणारा कुशाबा गिरणीच्या सायझिंग खात्यात होता. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावतात, म्हणजे पेज पाजतात म्हणा ना, ते ते खाते. खळ किती दाट हवी हे कुशाबा बोटाच्या चिमटीत धरून सांगायचा. परत घेतलेल्या कामगारांची यादी गिरणीच्या फाटकावर लागली, त्या दिवशी तो सकाळी पाहायला गेला. यादीत त्याचे नाव नव्हते. तो घरी आला, सदरा खुंटीला अडकवला, गॅलरीत जाऊन बसला आणि बोलायचा थांबला.

तुम्ही म्हणाल, काही माणसे असतातच अबोल. पण कुशाबा तसा नव्हता हो! तळकोकणातला माणूस. गावच्या जत्रेत दशावतारात राजाची सोंगे करायचा. चाळीत कुणाकडे काही शुभ असले की देवाला गाऱ्हाणे घालायला त्यालाच बोलवायचे. त्याचा आवाज उठला की समोरच्या चाळीतले लोकही हात जोडून गॅलरीत यायचे. असा माणूस गप्प झाला, आणि त्या गप्प राहण्याची सर्वांत जास्त झळ त्याची बायको शांता हिला लागली.

शांता देवभोळी. पहाटे उठून गॅलरीतल्या डब्यातल्या तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, सोमवारी उपास. मुलगी मंदा हिला संपाच्या दुसऱ्याच वर्षी मामाकडे गावी शाळेला ठेवले होते. खोलीत दोघेच. नवऱ्याची वाचा बसली म्हणून शांताने देव्हाऱ्यातल्या वेतोबाच्या तसबिरीपुढे एक व्रत धरले. नवऱ्याच्या तोंडून दिवसातून एक तरी शब्द ऐकल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचे नाही. दिवेलागणीला ती एकदाच जेवायची, तेही तो काही बोलला तर.

हे तिने त्याला सांगितले नाही. कुणालाच सांगितले नाही. ती देवाशी हळू आवाजात म्हणायची, "सांगितलं तर ते माझ्यासाठी बोलतील. मला त्यांनी त्यांच्यासाठी बोलायला हवं."

मग ती युक्त्या करायची. आमटीत मीठ घालायची नाही. कुशाबा दोन घास खायचा, आणि म्हणायचा, "मीठ नाय."

"अगबाई, विसरलेच की!" असे म्हणत शांता हसून मीठ वाढायची आणि आपले ताट घ्यायची. तेवढ्या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. पण पुढे पुढे कुशाबा मीठही हाताने दाखवून मागू लागला.

अशा दिवसांत एके दुपारी बुधाजी आला. तो पूर्वी गिरणीत सुतार होता, आता दादरच्या एका स्टुडिओत सेट उभारायचा. त्या काळी टीव्हीवर मालिका नव्याने सुरू झाल्या होत्या आणि प्रत्येक निर्मात्याला एक तरी भूत हवे होते. आत शिरताच बुधाजी म्हणाला, "कुशा, काम आणलंय. वेताळाचा मुखवटा करायचाय. दशावताराचे मुकुट करायचास ना रे तू? अप्पांना सांगितलं मी, आमच्याकडे माणूस आहे म्हणून."

अप्पा म्हणजे त्या मालिकेचे दिग्दर्शक.

कुशाबाने मान वर केली. शांता मात्र चुलीपासून उठली. "वेताळ म्हणजे? आपलो वेतोबा?"

"नाय गो वहिनी. वेताळ. झाडावरचं भूत. सुळे, लाल डोळे, तोंडातून रक्त."

"अरे, पण वेताळ तोच वेतोबा! तो गावाची राखण करता. त्याका भूत करतास? बुधाजी, तुझी आई अजून त्याका केळ्यांचो घड देता, आणि तू त्याका रक्त लावतंस?"

"वहिनी, गोष्टीतला वेताळ वेगळा, देवळातला वेगळा."

"तोंड एकच ना पण?"

तेवढ्यात दोघांनी पाहिले, कुशाबा उठून फळीवरचे जुने पातेले काढत होता. यादीच्या दिवसापासून त्याने आपणहून कशाला हात लावला नव्हता. शांताच्या जिभेवर आलेला नकार तिथेच थांबला.

असे माझे घडणे सुरू झाले. कुशाबाने चिंचोके भाजले, कुटले, शिजवून त्यांची खळ केली. वर्तमानपत्रे भिजवून त्यांचा लगदा केला. कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचे पीठ घातले. शांता कुटायला बसली होती, पण तिचे मन थाऱ्यावर नव्हते. शेवटी ती उठली आणि देवाला कौल लावायला बसली. आमच्याकडे देवाचा होकार-नकार असा विचारतात: ओल्या बोटाने तांदळाचे दोन दाणे चिकटवायचे, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. तिने देव्हाऱ्यातल्या नारळाला दोन दाणे लावले आणि हात जोडून बसली.

दाणे पडेनात. दुपार गेली, ऊन गॅलरीतून उतरून गेले, तरी दाणे जागचे हलेनात. "देवा, हो म्हण नाहीतर नाही म्हण," ती विनवत होती. बिचारीच्या ध्यानात आले नाही की बोटे धुवायची राहिली होती. चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले दाणे ते, पडतील कसे? चार दिवसांनी नारळ बदलला तेव्हा ते दाणे काढायला सुरी लागली.

म्हणून मी देव की भूत, हे वरूनच ठरले नाही. माझ्या अस्वस्थतेचे मूळ तिथे आहे, मित्रांनो.

कुशाबाने मला अप्पांच्या सांगण्याबरहुकूम करायचा पुष्कळ प्रयत्न केला. सुळे बसवले. ओठांना लाल रंग दिला. पण लहानपणापासून ज्या तोंडाकडे पाहून हात जोडले, ते तोंड बोटांतून जाते कुठे! कपाळ शांत झाले, मिशा ऐटदार झाल्या, आणि सुळ्यांच्या शेजारी ओठांच्या कोपऱ्यात थोडे हसू राहून गेले. पान खाल्लेल्या मामासारखा मी दिसत होतो. त्या आठ दिवसांत कुशाबा कामापुरते बोलला. "पाणी दे." "सुकूं दे." "हात लावू नको." शांता आठही दिवस पोटभर जेवली.

मग चित्रीकरणाचा दिवस आला. मुखवटा कुशाबाच्याच मापाचा झाला होता, म्हणून वेताळ त्यानेच व्हायचे ठरले. शांता सकाळीच नारळ घेऊन बरोबर निघाली. "पहिला नारळ मी फोडणार. मग काय ते भूत करा," ती म्हणाली.

स्टुडिओत एक पिंपळ उभा होता. खोड गोणपाटाचे, पाने कागदाची. धुराची आणि दोरीची कामे रघु नावाच्या माणसाकडे होती. त्याने गरम पाण्याच्या बादल्यांत सुका बर्फ टाकला. धूर निघाला तर खरा, पण तो गुडघ्याच्या वर चढेना, जमिनीवरूनच पसरत गेला. शांता कोपऱ्यातून बुधाजीला म्हणाली, "कुणाचं दूध उतू गेलं रे?"

मग रघुने काळ्या दोऱ्याला कंदील टांगला. तो आपोआप हवेत तरंगतो असे दाखवायचे होते. पण झगझगीत दिव्यांखाली दोरा चकाकत होता. अप्पा ओरडले, "रघु, भूत दिसलं नाही तरी चालेल, दोरी दिसता कामा नये!"

कुशाबा काही न बोलता पुढे झाला. मला लावलेली खळ थोडी डबीत उरली होती. त्याने तीत कंदिलाची काजळी कालवली, बोटाच्या चिमटीत दोरा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन ओढला. दोऱ्याची चकाकी गेली. दोरा जणू नाहीसाच झाला. रघु पाहतच राहिला. "काय हात आहे राव! कुठल्या कंपनीत होतात?"

कुशाबाने दाराबाहेर, गिरणीच्या दिशेने बोट दाखवले.

गावकऱ्यांच्या गर्दीसाठी बुधाजीने चाळीतलेच वीस जण आणले होते. सगळे संपातले, सगळे घरी बसलेले. त्यांना धोतरे, मुंडाशी, वहाणा दिल्या. अप्पांनी समजावले, "वेताळ धुरातून येईल. तुम्ही 'भूत, भूत' म्हणून ओरडायचं आणि पळत सुटायचं. एवढंच."

माझे दिवे लागले. कुशाबा मला तोंडावर घालून धुरातून चालत पुढे आला. हातात लाकडी तलवार, ताठ मान, दशावतारातली ती राजाची चाल.

वीसच्या वीस जणांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"कट!" अप्पा किंचाळले. "अरे, पळा ना!"

"साहेब, पाय निघत नाय," पुढचा एक जण ओशाळून म्हणाला. "समोर वेतोबा उभो. पळायचा कसा?"

"तो वेतोबा नाही, तो कुशाबा आहे!"

"ता ठाऊक आसा, साहेब. पण तोंड त्येचा आसा."

दुसऱ्यांदा त्यांनी शपथेवर कबूल केले की पळू. आणि पळालेही. पण देवाला पाठ दाखवायची नसते ना! तोंड माझ्याकडे, हात जोडलेले, आणि वीस जण उलट्या पावलांनी मागे धावले. मागे पिंपळ होता. गोणपाटाचे खोड कलंडले, कागदाची पाने बादल्यांत पडली आणि धूर एकदम दुप्पट उसळला. तेवढा एकच धूर त्या दिवशी चांगला झाला, पण कॅमेरा बंद होता.

पिंपळ पुन्हा उभा केला. अप्पांनी कपाळाला हात लावला आणि कुशाबाजवळ आले. "हे बघा, यांना भीती वाटेल असं तुम्हीच काहीतरी करा. गर्जना करा. पोटातून आवाज काढा. शब्द नको, नुसती गर्जना."

मी कुशाबाच्या तोंडावर होतो. त्याचा श्वास मला आतून लागत होता. दिव्यांच्या उष्णतेने माझी खळ तापली होती आणि चिंचोक्याचा वास सुटला होता, सायझिंग खात्यात खळ चढली की सुटायचा तसा. त्याने तो वास छातीभर ओढून घेतला. समोर त्याच्याच खात्यातली, त्याच्याच चाळीतली माणसे हात जोडून उभी होती. आणि गर्जनेच्या जागी आले ते हे:

"बा देवा वेतोबा म्हाराजाऽऽ!"

मग वीस गळ्यांतून एकदम उत्तर आले, "व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेकरां घरदार सोडून मुंबईक इली, गिरणीत राबली..."

"व्हय म्हाराजा!"

"तीन वर्सां झाली, भोंगो नाय, हाताक काम नाय. जो गावाक परत गेलो, तेका सुखी ठेव. जो हय रवलो, तेची लाज राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्येची वाचा बसली, तेका बोलतो कर रे म्हाराजाऽऽ!"

शेवटचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठा झाला, आणि त्यात कोपऱ्यातल्या एका बाईचा आवाज होता. शांता पदराने डोळे पुसत होती. रघुचेही हात जोडलेले होते, आणि तो तर आमच्या बाजूचा नव्हताच.

अप्पांनी दिवे मालवायची खूण केली. मग हळूच म्हणाले, "पॅक-अप. हा मुखवटा घरी घेऊन जा. याला बघून कुणी घाबरणार नाही."

झाले, माझी नोकरी तिथेच संपली. त्यांनी कुठून तरी रबराचा मुखवटा आणला. हिरवा, लोंबत्या जिभेचा. दोन महिन्यांनी मालिका टीव्हीवर लागली तेव्हा चाळीत टीव्ही असलेल्या एकमेव खोलीत सगळे दाटीवाटीने बसले. रबराच्या भुताचे तोंड हनुवटीपाशी सुटले होते, आतली खरी मान दिसत होती. कंदील तरंगला आणि चाळभर पोरांचा गलका झाला, "दोरी! दोरी!" तो भाग चित्रित झाला त्या दिवशी दोऱ्याला खळ लावायला कुशाबा नव्हता. त्यांचे ते हसणे मला इथवर ऐकू आले. खरे सांगू? मला बरे वाटले. आणि मग बरे वाटल्याची लाज वाटली.

मला ठेवायचे कुठे, हा शांतापुढे प्रश्न होता. भूत म्हणून घडवलेला, म्हणून देव्हाऱ्यात ठेवता येईना. वेतोबाचे तोंड, म्हणून माळ्यावर टाकता येईना. शेवटी तिने मला चौकटीवर टांगले, आत तोंड करून. रोज तिन्हीसांजेला स्टुलावर चढून ती ओल्या फडक्याने मला पुसायची. नमस्कार करायची नाही, पण पुसायची.

इकडे एक नवेच घडले. गाऱ्हाण्याचा तो आवाज अप्पांच्या टेपवर राहिला होता, आणि तो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. त्यांनी बुधाजीकरवी निरोप पाठवला, "चेहरा राहू दे. तो आवाज घेऊन या." मालिकेतल्या सगळ्या भुतांचे आवाज कुशाबाने द्यायचे ठरले. वेताळ, खवीस, मुंजा, एवढेच काय, हडळीचे हसणेसुद्धा. शांताला आधी कसेसेच झाले. मग तिने देवाला सांगितले, "बोलतायत ना? कुणाच्या का तोंडून होईना."

पण गंमत बघा. कुशाबा सकाळी स्टुडिओत जायचा, दिवसभर किंचाळायचा, खदखदा हसायचा, आणि घरी यायचा तो गळ्याला मफलर गुंडाळून. अप्पांनी त्याला बजावले होते, "घरी एक शब्द बोलायचा नाही. आवाज जपा." कुशाबा शिस्तीचा माणूस, गिरणीत वाढलेला. साहेबाने सांगितले ते त्याने पाळले. दाराशी आला की तोंडावर बोट ठेवून हसायचा, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरायचा आणि हातवाऱ्यांनी सगळे सांगायचा. त्याला वाटत होते, आता घर सावरले. शांता खूश असेल.

आणि शांता पुन्हा उपाशी राहू लागली.

आधी ती पहाटे कान देऊन पडायची आणि झोपेत तो काही पुटपुटला तर तोच त्या दिवसाचा शब्द धरायची. "हं" हा शब्द आहे का, यावर तिने देवाशी पुष्कळ घासाघीस केली. शेवटी तिचे तिनेच ठरवले की नाही, 'हं' चालायचा नाही. मालिकेचा शेवटचा भाग जवळ आला तसे कुशाबाने तेही बंद केले, तोंडावर रुमाल बांधून झोपू लागला. मी वरून पाहत होतो. एक दिवस गेला. दुसरा गेला. सकाळचा घोटभर चहा, बाकी काही नाही. ती स्वयंपाक करायची, त्याला वाढायची, त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि आपल्या वाटणीची भाकरी टोपलीत ठेवून द्यायची.

मित्रांनो, मला तोंड आहे. मिशा, सुळे, लाल ओठ, सगळे आहे. पण त्या तीन दिवसांत मला ओरडता आले असते तर मी खरा वेताळ झालो असतो. मी फक्त भिंतीवर आपटत राहिलो. कुशाबाने एकदा वर पाहिले आणि खिळ्याखाली कागदाची घडी सारली.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला शांता नेहमीसारखी स्टुलावर चढली. तिने मला खाली काढून कवेत घेतले, फडके फिरवले, आणि तिचे डोळे फिरले. ती स्टुलावरून कोसळली. पडतापडताही तिने मला पोटाशी धरले होते. माझा डावा कान फुटला तो तेव्हा.

कुशाबा मोरीत मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होता. तांब्या टाकून तो धावला. "शांता! अगो शांता! काय झाला गो तुका? शांताऽऽ!"

स्टुडिओतल्या कुठल्याही भुताला त्याने असा आवाज दिला नव्हता.

शांताने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहून हसली. "बोललात," ती म्हणाली. "आता ताट घेते."

कुशाबाला काही कळेना. तो तिला पाणी द्यायला उठला, हात टोपलीवर गेला. टोपलीत तीन भाकऱ्या होत्या. एक आजची, एक कालची कडक झालेली, एक परवाची, बुरशी धरू लागलेली. त्याने त्या हातात घेतल्या आणि तिच्यासमोर खाली बसला.

"ह्या कोणाच्या?"

शांता गप्प. आता गप्प बसायची तिची पाळी होती.

"शांता, ह्या तुझ्या?"

मग तिने सांगितले. खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखे. मिठाचे सांगितले, 'हं'चेही सांगितले. कुशाबा ऐकत राहिला. मग त्याने आजची भाकरी मोडून तिच्या हातात दिली, आणि बोलू लागला. यादीच्या दिवशी फाटकावर काय झाले ते. आपले नाव नाही हे पाहून मागच्या माणसाला वाट करून द्यावी लागली ते. कुणी तरी हसून म्हणाले, "चला, पुढे सरका," आणि तेव्हापासून तोंड उघडले की तेच 'पुढे सरका' बाहेर येईल असे वाटायचे ते. तिची भाकरी संपली, तिने दुसरी भाजली, तरी तो बोलतच होता. इतक्या दिवसांचे बोलणे साठले होते. शांता घास घेत घेत "मग?" म्हणायची, आणि तो पुढे सांगायचा.

सकाळी त्याचा आवाज पार बसला होता. आणि त्याच दिवशी शेवटच्या भागाचे ध्वनिमुद्रण होते.

पुढचे मला बुधाजीने आमच्या खोलीत येऊन सांगितले त्यावरून ठाऊक आहे. अप्पांनी म्हणे कागद फेकून दिले. "कुशाबा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? घरी बोलायचं नाही!"

कुशाबा त्या चिरलेल्या घशाने म्हणाला, "साहेब, घरी मी बोलणार. उरेल तेवढा आवाज तुमचा."

दुसरा माणूस आणायला वेळ नव्हता. तो भाग त्याच आवाजात झाला. टीव्हीवर लागला तेव्हा रबराचे तोंड तसेच हनुवटीपाशी सुटलेले होते, दोरी तशीच दिसत होती, धूर गुडघ्यापर्यंतच होता. पण त्या बसलेल्या, घासलेल्या घशातून भूत बोलू लागले, "मला कुणी विचारलं नाही... मला कुणी विचारलं नाही..." आणि चाळीतले एकही पोर हसले नाही. दोरीकडे कुणी बघितलेच नाही. एक म्हातारी म्हणाली, "अरे, कुणीतरी विचारा रे त्याला."

या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. कुशाबा पुढे लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत काम करू लागला. घरी यायचा तो दारातूनच बोलत यायचा. त्याला जाऊन सहा वर्षे झाली. मंदाची मुलगी जाई आता आजीपाशी राहते. गिरणीच्या जागेवर लोअर परळला काचेची इमारत उभी राहिली आहे, तिथे जाई काम करते. काम कोणते? भुते करण्याचे. संगणकावर. एकदा तिने आजीला तिचे भूत दाखवले. काय सांगू तुम्हाला! धुराचा एकेक पदर वेगळा, केसन् केस हलणारा, दोरी कुठेच नाही, कारण दोरी लागतच नाही. मी वरून पाहिले आणि पहिल्यांदाच मला माझ्या भोकांची लाज वाटली.

"आजी, भीती वाटली?" जाईने विचारले.

शांताने नीट पाहिले. "भूत छान झालंय गो. हे बोलतं काय?"

"आवाज दुसरे लोक टाकतात, आजी. माझं काम फक्त दिसण्याचं."

जाई वाईट मुलगी नाही. आजीची औषधे आणते, तिला दवाखान्यात नेते. पण सकाळी लवकर जाते, संध्याकाळी येते ती कानांत काहीतरी घालून, डोळे मोबाइलच्या पडद्यावर. तिथेही ती भुतेच बघते, दुसऱ्यांनी केलेली, आपल्यापेक्षा चांगली आहेत का ते. तिलाही चैन नाही, मला कळते ते. तिच्या कंपनीतही याद्या लागतात म्हणे.

आणि शांता? नवरा गेल्यावर व्रत सोडायला हवे होते. भटजीही म्हणाले तसे. पण ती म्हणाली, "शब्द ऐकून जेवायची सवय झाली. आता घरातला कुणाचाही चालेल."

आता तिन्हीसांज झाली आहे. मी हे सांगतो आहे तेव्हाही खाली पाहतो आहे. जाई पलंगावर बसली आहे, पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर आहे. चुलीपाशी एक ताट झाकून ठेवले आहे. शांता त्याच्याशेजारी बसून जप करते आहे, आणि मधूनमधून नातीच्या ओठांकडे पाहते आहे. मी भिंतीवर आपटतो आहे. जाईच्या कानांत बोळे आहेत, तिला ऐकू येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी तुमच्यापाशी काही मागतात. कुणी तेल मागते, कुणी रंग. मला काही नको. माझ्यावरची धूळ राहू द्या. तुमच्या घरात कुणी जेवायचे थांबले आहे का, तेवढे आत जाऊन बघा. मला तोंड दिले आहे, पण ते नुसते दिसण्यासाठी. तुम्हाला बोलता येते. बोला तिच्याशी. लवकर बोला, भात निवत चालला आहे.